'सध्या'ची तीन वर्षं: नळीवर वाढणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा. जन्मताना गुदमरला, त्यातून सेरेब्रल पाल्सी झाली. चारही हातपाय ताठ, मान धरत नाही, दिवसातून दोन-तीनदा झटके येतात. सातव्या महिन्यात उष्टावण झाली, पण पेजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या चमच्यालाच ठसका लागायचा. अकराव्या महिन्यापर्यंत दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला रुग्णालयातून सोडताना नाकातून पोटात नळी घालून दिली आणि सांगितलं, "सध्या नळीनेच द्या." त्या 'सध्या'ला आता तीन वर्षं उलटून गेली आहेत. वजन ८ किलो ६०० ग्रॅम असून आठ महिन्यांत ते जागचं हललेलं नाही. गेल्या वर्षभरात न्यूमोनियासाठी चारदा भरती व्हावं लागलं. घर तालुक्यापासूनही आत, जिल्हा रुग्णालय ७० किलोमीटरवर. नळीचं सगळं आई एकटी बघते.

हे प्रकरण एका ठरावीक मुलाचं नाही. शहरापासून लांब राहणाऱ्या अशा मुलांच्या घरांत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका मुलाभोवती जमवून मांडलं आहे. हिशेबाची सूत्रं मात्र बालपोषणात रोज वापरली जाणारी आहेत. यातलं कोणतंही प्रमाण दुसऱ्या मुलाला जसंच्या तसं लावू नये. त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून नवा हिशेब मांडावा.

मुलाला तपासणीसाठी आणलं तेव्हा कुटुंबाची तक्रार एकच होती: "नळी सोसत नाही, दिलेलं उलटतं." तक्रार खरी होती, पण मूळ दुखणं दुसरीकडे होतं.

आधी उंची, मग बाकीचं

हे मूल उभं राहत नाही, पाठ वाकलेली, गुडघे आखडलेले. त्याला फळीवर ताणून मोजलेली उंची चुकते आणि पुढचा सगळा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. म्हणून गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवून टाचेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. ते २४.५ सेंटीमीटर भरलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी रूढ असलेलं सूत्र असं: हे अंतर गुणिले २.६९ अधिक २४.२. म्हणजे उंची साधारण ९० सेंटीमीटर. दंडाच्या मागच्या चरबीची घडीही मोजली, कारण अशा मुलांत वय-वजनाच्या तक्त्यापेक्षा ती जास्त खरं बोलते. बोटांना नुसती कातडीच लागत होती.

निरोगी मुलांच्या तक्त्यावर चार वर्षांच्या मुलाचं वजन सुमारे १६ किलो. या मुलासाठी १६ किलो हे उद्दिष्टच नाही. ज्याचे स्नायू वाढलेले नाहीत त्याच्या अंगावर १६ किलो चढवायचे म्हणजे नुसती चरबी चढवायची. आणि त्याला दिवसातून वीसदा उचलणारी एकच बाई आहे.

ऊर्जेसाठी उंचीवर आधारलेलं सूत्र वापरलं. न चालणाऱ्या मुलाला दर सेंटीमीटरला सुमारे ११ कॅलरी. निरोगी, हिंडत्याफिरत्या मुलाला तेच १५ धरतात. ९० गुणिले ११, म्हणजे ९९०. ही झाली वरची हद्द. पहिला टप्पा ७५० चा ठरवला. तिथे थांबून वजन आणि चरबीची घडी बघायची, मगच पुढे जायचं. अशी मुलं आधी वर्षानुवर्षं उपाशी असतात आणि पोटाची सोय झाल्यावर वर्षभरात अति लठ्ठ होतात. दोन्ही वेळा चूक एकच असते: कुणी मोजत नाही.

भांड्यात काय होतं

कागदावर लिहिलेलं होतं: १२० मिली, दिवसातून सात वेळा. आईने ते तीन वर्षं काटेकोर पाळलं होतं. १२० मिली *कशाचे*, ते कागदावर नव्हतं.

चार वेळा दूध-पाणी निम्मं-निम्मं आणि एक चमचा साखर. तीन वेळा मुगाच्या डाळीचं वरचं पाणी किंवा भाताची पेज, सुती फडक्यातून गाळून. चार वेळांत मिळून गाईचं दूध २४० मिली, म्हणजे सुमारे १६० कॅलरी. चार चमचे साखरेच्या ८०. गाळलेल्या पाण्याच्या ३६० मिलींत फार तर ७०. एकूण ३१०. प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपास. लोह जवळजवळ नाही. मीठ अजिबात नाही. नळीतल्या अन्नाला चव लागत नाही, मग मीठ कशाला, असा घरचा विचार. चवीचा प्रश्न नसला तरी शरीराला सोडियम लागतंच. रक्तातलं सोडियम १३१ होतं, हिमोग्लोबिन ७.९; दोन्ही कमी.

डाळीच्या पाण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. डाळ शिजवून वरचं पाणी काढलं की त्यात डाळीचा रंग आणि वास येतो; डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. आजारी माणसाला हलकं म्हणून एक-दोन दिवस ते ठीक. नळीवरच्या मुलाचं ते जेवण असू शकत नाही.

मग आई गाळत का होती? नळी बंद पडायची म्हणून. ८ नंबरची नळी म्हणजे बाहेरून २.७ मिलिमीटर, आतून त्याहून बरीच अरुंद. घट्ट पेज गेली की तुंबायची. तुंबली की काढायची, आणि परत घालणारं माणूस गावात नाही. गाडी करून तालुक्याला जायचं, दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. तेव्हा प्रत्येक तुंबण्यानंतर पेज आणखी थोडी पातळ व्हायची. पातळ अन्नाने वजन थांबलं, अंगातली ताकद गेली, खोकून कफ काढण्याचं बळ उरलं नाही, छाती भरू लागली. छाती भरली की "सोसत नाही" म्हणून मात्रा आणखी कमी. आईचं यात काहीच चुकलेलं नाही. तिला सांगितलेला आकडा तिने पाळला आणि नळी उघडी ठेवली. तिच्यावर सोपवलेली हीच दोन कामं होती.

नळीची तपासणी

नळी साध्या पीव्हीसीची होती, साडेपाच आठवड्यांपूर्वी घातलेली. ही नळी आठवडा-दहा दिवसांसाठी असते. प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ पोटातल्या आम्लात निघून जातो, नळी ताठ होते आणि टोक टोचू लागतं. उजव्या नाकपुडीची कड चिरून तिथे व्रण झाला होता, कारण दर वेळी उजवीच नाकपुडी. जास्त दिवस ठेवायची तर पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची नळी घ्यावी. ती जातीप्रमाणे महिना-दीड महिना चालते आणि आतून रुंदही असते, त्यामुळे तेवढ्याच नंबरात तुंबणं कमी होतं. नळी बदलताना नाकपुडीही बदलायची.

लांबी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजलेली होती. लहान मुलांत हे माप तोकडं पडतं. टोक अन्ननलिकेच्या खालच्या भागातच राहतं आणि दिलेलं वर येतं. छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यावर माप संपवायला हवं. या मुलात फरक साडेतीन सेंटीमीटरचा निघाला. उलट्यांचं एक कारण तिथे सापडलं.

नळी पोटातच आहे ना, हे बघण्यासाठी आई सिरिंजने हवा सोडून पोटाला कान लावायची, कारण तसंच शिकवलं होतं. आवाज फुफ्फुसात किंवा अन्ननलिकेत गेलेल्या हवेचाही तसाच येतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच ही पद्धत वापरू नका असं कळवलं होतं. आपल्याकडे ती आजही शिकवली जाते, आणि ते थांबायला हवं. खात्रीसाठी सिरिंजने थोडा पाझर ओढून आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्टीवर टाकायचा. ५.५ किंवा कमी आला तर नळी पोटात. लिटमस कागद चालत नाही, तो फक्त आम्ल की नाही एवढंच सांगतो. पाझर येत नसेल तर मुलाला डाव्या कुशीवर वळवून पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा ओढायचं. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर नळी जागेवर असूनही आकडा वर येऊ शकतो. अशा वेळी नळी नवी घातलेली असेल तर एक्स-रे, आणि रोजच्या वापरात नाकापाशी केलेली खूण, पाझराचा रंग आणि मुलाची स्थिती यांचा एकत्र विचार. शंका असेल तर त्या वेळचं अन्न द्यायचं नाही. एक वेळ उपास घडला तर भरून निघतो; फुफ्फुसात गेलेलं दूध तसं भरून निघत नाही.

उलट्या आणि झटके: दोन गाठी

मूल पाच दिवसांतून एकदा शौचाला व्हायचं, तेही खड्यासारखं. पोट दाबलं की डावीकडे गाठी लागत होत्या. कोठा भरलेला असताना जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि वरून दिलेलं परत येतं. 'रिफ्लक्स' (जठरातलं वर येणं) हे नाव देऊन महागड्या तपासण्यांकडे जाण्याआधी कोठा साफ करून बघावा. इथे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून रोज दिली. दहा दिवसांत शौच दिवसाआड होऊ लागली आणि उलट्या निम्म्यावर आल्या.

दुसरी गाठ औषधाची. झटक्यांवरचं फेनिटोइन हे पातळ औषध दुधाबरोबरच नळीतून जात होतं. नळीतल्या अन्नाबरोबर ते नीट शोषलं जात नाही. रक्तातली पातळी कमी, म्हणून डोस वाढवलेला. तरी झटके चालूच. त्यातून बाटली न हलवता वरचं पातळ औषध आधी संपायचं आणि तळाशी बसलेलं दाट औषध शेवटच्या आठवड्यात जायचं. हे औषध द्यायचंच तर आधी आणि नंतर एक-दोन तास नळीतून अन्न नको. पण असं वेगळं करताच शोषण एकदम वाढतं आणि वाढवलेला डोस विषारी ठरू शकतो, त्यामुळे पातळी पुन्हा तपासल्याशिवाय हा बदल घरी करायचा नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढच्या काही आठवड्यांत सावकाश लेव्हेटिरासेटमच्या सिरपवर आणलं. ते अन्नाबरोबर चालतं.

औषधांचा एक साधा नियम आहे. प्रत्येक औषध वेगळं, आधी १० मिली पाणी, दोन औषधांच्या मध्ये ५, शेवटी १०. अन्नात मिसळायचं नाही. वरून जाड कवच असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. कवच गेलं तर औषधाचा परिणाम बदलतो आणि कवचाचे तुकडे नळीत बसतात.

तुंबलेली नळी सोडवायला कोमट पाणी आणि २० मिली किंवा त्याहून मोठी सिरिंज घ्यावी. हळू पुढे, हळू मागे, पाच मिनिटं थांबून पुन्हा. लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी आतल्या आत फाटते. थंड पेयं, लिंबू, व्हिनेगर यांनी दूध फाटून गुठळी आणखी घट्ट होते. तार तर कधीच घालायची नाही.

अन्न वाढवण्याचे पहिले चौदा दिवस

दिवसाला ३१० कॅलरींवर राहिलेल्या शरीराला एका दिवसात ७५० दिल्या तर धोका असतो. पेशी एकदम साखर आत ओढतात, तिच्याबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून आत जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मूल भरती करून आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिलं आणि ३५० कॅलरींपासून सुरुवात केली. पोषण पुनर्वसन केंद्रातला नेहमीचा तक्ता मुद्दाम लावला नाही. तो हिंडत्याफिरत्या मुलांसाठी आहे, आणि त्यातलं दूध किलोमागे १३० मिलीच्या हिशेबाने या पोटात मावलंही नसतं. दर दुसऱ्या दिवशी ५० ते ६० कॅलरी वाढवल्या. तिसऱ्या दिवशी फॉस्फरस ४.१ वरून २.६ वर आला. तोंडी फॉस्फेट नळीतून दिलं, वाढ दोन दिवस रोखली, मग पुढे सरकलो. चौदाव्या दिवशी ६५० कॅलरी पचत होत्या.

पुढचे सहा आठवडे पॉलियुरेथेनच्या नळीतून मिलीला १ कॅलरी देणारं तयार पावडरीचं अन्न दिलं. एवढ्या अरुंद नळीतून घरचं दाट अन्न जाणार नाही हे मान्य करून घेतलेला तो खर्च होता. वजन ९ किलो ५०० झालं. आता मूल भूल सोसण्याइतकं सावरलं होतं.

पोटाची नळी

नळी तीन ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असं दिसत असेल तर नाकाऐवजी पोटातून थेट जठरात नळी घालण्याचा विचार करावा, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. इथे तीन वर्षं गेली होती. दुर्बिणीतून पोटाची नळी घालण्याची पेग ही पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पोन्स्की यांनी पहिल्यांदा केली, तीही एका तान्ह्या मुलावर. ही सोय मुळात लहान मुलांसाठी जन्मली, हे सांगितलं की आईवडिलांची भीती थोडी उतरते.

भीती खरीच असते. "पोराच्या पोटाला भोक पाडणार?" हा आजीचा प्रश्न. तिला उत्तर शब्दांनी दिलं नाही. तशी नळी असलेल्या दुसऱ्या मुलाला त्याच्या आईने अन्न देताना दाखवलं. नाकावरची चिकटपट्टी नाही, घशात काही नाही, मूल आंघोळ करतं. आजीने मग विचारलं, "तोंडाने खायचं कायमचं बंद होणार का?" हा जास्त महत्त्वाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. घशातून नळी निघाली की चव द्यायला उलट सोपं जातं.

पेगचा संच आणि बटण (पोटालगत बसणारी आखूड नळी) त्या रुग्णालयात नव्हतं, म्हणून उघडी शस्त्रक्रिया करून १४ नंबरची सिलिकॉनची फोली नळी बसवली. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि ते चुकीचं नाही, पण फोली लघवीसाठी बनवलेली आहे हे लक्षात ठेवून तिची काळजी घ्यावी लागते. तिला बाहेरून रोखणारी चकती नसते. तिला आत धरून ठेवणारा फुगा जठराच्या हालचालीने पुढे ओढला जातो आणि जठराच्या खालच्या तोंडाशी किंवा पुढे लहान आतड्यात जाऊन बसतो. दुसरं, तिला दोन तोंडं असतात. एक अन्नाचं, एक फुग्याचं. फुग्याच्या तोंडात औषध ढकलल्याने फुगा फुटल्याचे प्रकार होतात, म्हणून त्यावर पहिल्याच दिवशी लाल पट्टी गुंडाळली. फुग्यात ५ मिली पाणी. सलाइन नको, त्याचे खडे होऊन फुगा नंतर रिकामा होत नाही. हवाही नको, ती झिरपून जाते. बाहेर दुधाच्या बाटलीचं बूच कापून, धुऊन, चकतीसारखं ओवून कातडीजवळ आणलं, खाली नाण्याच्या जाडीएवढी मोकळीक ठेवून. नळीवर शाईची खूण केली, आणि बाहेर उरलेली लांबी १९ सेंटीमीटर अशी वहीत लिहिली.

ही लांबी रोज मोजायची, एवढं एक काम आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याचा उपयोग नवव्या आठवड्यात झाला. प्रत्येक अन्नानंतर उलटी, पोटाचा वरचा भाग फुगलेला, ताप नाही. जवळच्या दवाखान्यात उलटीचं औषध मिळालं. आईने नळी मोजली: १३ सेंटीमीटर. बाटलीचं बूच सैल पडून नळी सहा सेंटीमीटर आत गेली होती. ग्रामीण रुग्णालयात फुग्यातलं पाणी *आधी* काढलं, मग नळी हळूच खुणेपर्यंत मागे घेतली, पुन्हा ५ मिली भरलं, पाझराचा पीएच ४ आला, बूच बदललं. तासाभरात पोट उतरलं. फुगा भरलेला असताना ओढली असती तर आतडं फाटू शकलं असतं. तशीच राहिली असती तर पित्ताची आणि स्वादुपिंडाची वाट अडून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकली असती.

छिद्राभोवती पाचव्या आठवड्यात लाल, ओलं, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलं. त्यावर घरी हळद लावली होती. हळदीने खालचा रंग दिसेनासा होतो आणि कण अडकून राहतात. छिद्रावर हळद, तूप, पावडर काहीच नको. कारण नळीची वळवळ आणि ओल. नळी पोटाला पट्टीने स्थिर केली, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन कोरडं ठेवलं, आणि भोवतालच्या कातडीला व्हॅसलिन लावून सिल्व्हर नायट्रेटची काडी दोन वेळा फिरवली. कडेने अन्न झिरपू लागलं तेव्हा "मोठ्या नंबरची नळी घाला" अशी मागणी आली. ती मानली नाही, कारण मोठ्या नळीने छिद्र मोठं होतं आणि गळती महिन्याभरात परत येते. फुग्यात ३ मिलीच पाणी उरलं होतं. ते ५ केल्यावर गळती थांबली.

नळी निघून आली तर काय, हा सर्वात तातडीचा धडा. पहिले आठ आठवडे घरी परत घालायची नाही. जठर पोटाच्या भिंतीला पक्कं चिकटलेलं नसतं, नळी जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. छिद्रावर स्वच्छ कापड ठेवून थेट रुग्णालय. आठ आठवड्यांनंतर छिद्र काही तासांत आकसतं, म्हणून घरात त्याच नंबरची एक फोली कायम ठेवायची, शिकवल्याप्रमाणे सरकवून चिकटपट्टी लावायची. पण जागा तपासल्याशिवाय अन्न द्यायचं नाही.

नवं जेवण

१४ नंबरच्या नळीतून घरचं अन्न जातं. दिवसाचं माप असं: गाईचं दूध ५०० मिली, तांदूळ आणि मुगाची डाळ दोनास एक घेऊन भाजून केलेली बारीक भरड ६० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल १५ मिली, आयोडिनयुक्त मीठ १ ग्रॅम. सुमारे ७५० कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिनं. लोह, जस्त, ड जीवनसत्त्व आणि इतर जीवनसत्त्वं वेगळी, वयाच्या पूर्ण मात्रेत. ऊर्जा कमी लागते म्हणून यांची गरज कमी होत नाही.

६० ग्रॅम भरड शिजली की खीर घट्ट होते आणि पुन्हा पाणी ओतण्याचा मोह होतो. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीच्या किंवा गव्हाच्या पिठात पिष्ट तोडणारं विकर असतं. भरड शिजवून उतरवायची, बोट जेमतेम टिकेल इतकी निवू द्यायची, एक लहान चमचा हे पीठ ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवायची. खीर डोळ्यांदेखत पातळ होते, कॅलरी तेवढ्याच राहतात. मग एक उकळी आणायची, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतात. पीठ उकळत्या खिरीत टाकलं तर विकर तिथेच निकामी होतं. बाजारातलं गाळून केलेलं सत्त्व या कामाला येईलच असं नाही. पीठ घरी करावं आणि मोड आलेलं धान्य कडक उन्हात नव्हे, सावलीत वाळवावं.

सगळं मिळून पाण्याने ८५० मिली करायचं, मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीने गाळायचं. गाळणीत चमचाभरापेक्षा जास्त उरलं तर पुन्हा मिक्सर, फेकायचं नाही. सहा वेळा, १४० मिली. पाण्याचा ताळा असा: अन्नातून ६८० मिली, प्रत्येक वेळी आधी-नंतर १०-१० मिलीचे १२०, औषधांबरोबर ६०, एकूण ८६०. सुरुवातीच्या वजनाला किलोमागे १०० मिली. वजन वाढेल तसा ताळाही नवा करायचा. एप्रिल-मेमध्ये आणि तापात लघवीचा रंग बघून साधं पाणी वाढवायचं. खोलीत ठेवलेलं अन्न दोन तासांत संपवायचं, उन्हाळ्यात एकाच तासात. फ्रिज असेल तर चोवीस तास, पण वीज चार तास गेली असेल तर ओतून द्यायचं. मिक्सरच्या पात्याखालची रबरी रिंग रोज काढून धुवायची. जुलाबाचं मूळ बरेचदा तिथे असतं.

देताना मूल पाठ टेकवून ४५ अंशांत, सिरिंजचा दट्ट्या काढून, अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं, वीस ते तीस मिनिटांत. भरभर गेलं तर सिरिंज खाली आणायची. नंतर पाऊण तास आडवं करायचं नाही.

वेळाही बदलल्या. आधीच्या सात वेळांत रात्री दोनची एक वेळ होती. आई तीन वर्षं सलग झोपलेली नव्हती. आता सकाळी ६ ते रात्री ९, तीन-तीन तासांनी. रात्रीच्या नऊ तासांत काही द्यायचं नाही. बाबांनी सकाळची आणि रात्रीची वेळ उचलली, आजी मिक्सर आणि भांडी बघते. एकाच माणसाला येणारी नळी ही धोक्याची नळी असते. ते माणूस तापाने पडलं की मूल उपाशी राहतं.

तोंड

तोंडाने खात नाही, म्हणून दात कधी घासलेले नव्हते. उलट न चावणाऱ्या तोंडात दातांवर दगडी थर लवकर चढतो, जंतू वाढतात आणि ते लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात. दंतवैद्याकडून थर काढला. मग रोज दोनदा, मूल कुशीवर, लहान मऊ ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून, लाळ फडक्याने टिपत. सुरुवातीला तो ओठाला हात लावू देत नव्हता. तीन वर्षांत तोंडाकडे आलेली प्रत्येक गोष्ट चिकटपट्टी, नळी किंवा औषध होती. गालापासून सुरुवात करून हिरड्यांपर्यंत पोहोचायला पाच आठवडे लागले.

पुढे बोलणं-गिळणं यांच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अन्न द्यायच्या आधी पाच मिनिटं बोटाच्या टोकावर चव: वरणाचा घट्ट भाग, श्रीखंड, शिजवलेला भोपळा. पातळ काहीच नाही. डोळ्यांत पाणी, ओलसर घरघर, रंग बदलणं, खोकला यातलं एक दिसलं तरी त्या दिवसापुरतं थांबायचं. या मुलाची नळी सुटणार नाही, त्याचं गिळणं तेवढं सुरक्षित नाही. हे घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं. चव मात्र त्याच्या हक्काची आहे, आणि जेवणाच्या पंगतीत त्याला घेऊन बसायला आता कुणी घाबरत नाही.

नऊ महिन्यांनी

वजन ११ किलो २००, दंडावरची घडी बोटात येते. न्यूमोनिया एकदा, भरती न होता बरा झाला. झटके आठवड्यातून एक-दोन. हिमोग्लोबिन १०.८. छिद्र कोरडं. पाठ मात्र आणखी वाकते आहे आणि बसण्याची खुर्ची अजून मिळालेली नाही. तिच्याशिवाय ४५ अंशांची बैठक उशांवर किती दिवस टिकणार, हा प्रश्न उघडा आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे. त्याचा अर्ज आशाताईंच्या मदतीने भरला. अपंगत्व प्रमाणपत्र तीन वर्षांपूर्वीच मिळालं असतं, कुणी सांगितलं नव्हतं.

चुलीशेजारच्या भिंतीवर आता एक कागद लावलेला आहे. त्यावर नळीचा नंबर, फुग्यातलं पाणी, बाहेरची लांबी, अन्नाचं माप आणि दोन फोन नंबर आहेत. खाली चौकटीत: फुगा तपासणे, दर सोमवारी. वजन, महिन्याच्या १ तारखेला, अंगणवाडीतल्या काट्यावर. नळी बदलणे आणि अन्नाचा नवा हिशेब, दर तीन महिन्यांनी, तारीख पेन्सिलने लिहिलेली. गेल्या वेळची तारीख खोडून आजीने पुढची घातली आहे.